बेचाळिसावा नर

बसच्या पोटातून, सामानाच्या कप्प्यातून बोलतोय मी. भांगेचा नर. आवाज कोरडा वाटला तर समजून घ्या. सध्या मी दोरी आहे आणि एका पुठ्ठ्याच्या खोक्याभोवती आवळलेला आहे. जन्मलो तेव्हा हिरवागार होतो आणि माणसं मला बघून खूश व्हायची. ते सुख सहा आठवडे टिकलं.

स्ट्रुमित्सा गावाच्या बाहेर मिरची-टोमॅटोची हरितगृहं आहेत, त्यांच्यातच एक औषधी गांजाचं. रीतसर परवान्याचं, भोवती तारेचं कुंपण, फाटकावर पहारेकरी. काळ्या कुंड्यांत आम्हाला पेरलं. सकाळी अकरा बायका पाणी घालायला यायच्या, त्या आपापल्या सुनांची गाऱ्हाणी घेऊनच. आम्हाला चार पानं फुटायच्या आत सगळ्यांच्या सुना तोंडपाठ झाल्या होत्या.

तिथे मान होता तो मादीला. औषध तिच्या फुलात, आणि ते फूल बिनबियांचं हवं. नराचा पराग लागला की तिच्यात बी धरतं आणि फूल कवडीमोलाचं होतं. म्हणून नर दिसला की उपटायचा. हे ओळखायचं काम स्नेश्काचं. शेतकी शिकलेली तिशीची पोर, गळ्यात कायम भिंग. एके दिवशी तिने माझ्या पेराशी डोळा लावला आणि सुस्कारा सोडला.

"हाही नरच. बेचाळीस झाले. दाफिना मावशी, बॉयलरमागे नेऊन जाळा सगळे. एकही ठेवू नका हं."

त्या अकराजणींतली दाफिना एकसष्ट वर्षांची. तिच्या लहानपणी तिची आई नदीकाठी भांग लावायची, खोडं पाण्यात कुजवून, बडवून वाख काढायची आणि कापड विणायची. त्या घरात कौतुक नराचं. मादीच्या वाखाची पोती, नराच्या वाखाचे अंगाला लागणारे सदरे, कारण तो मऊ. दाफिनाने एकेचाळीस जाळले. मी शेवटचा तिच्या हातात राहिलो. तिने अंगठ्याच्या नखाने माझी जराशी साल सोलली, बोटांत चोळली.

"आई असती तर माझा हात तोडला असता," ती पुटपुटली आणि बॉयलरमागच्या खाजकुयलीसारख्या आग करणाऱ्या झुडपांत तिने मला खोचून लावलं.

"जाळले सगळे?" स्नेश्काने विचारलं.

"जाळले."

स्नेश्काने कागदावर सही केली. मावशीवर तिचा इतका विश्वास की मागे जाऊन राखसुद्धा बघितली नाही.

जमीन मिळाल्यावर मी असा वाढलो की महिन्या-दोन महिन्यांत दाफिनाच्या डोक्यावर गेलो. दुपारची भाकरी ती माझ्याजवळ बसून खायची. "धूर सोडलास की काढते तुला," म्हणायची. तिच्या आईची खूण होती ती. ऑगस्टच्या सुरुवातीला, संत इलियाच्या सणाच्या आसपास नराचा पराग धुरासारखा उडतो. त्याआधी उपटलं तर वाख कच्चा. दाफिना बरोबरच शिकली होती हो. पण तिच्या आईच्या शेतात नर-मादी शेजारी उभे असायचे आणि बी धरलं तर आनंदच व्हायचा. मधे काचेची भिंत आहे, हा बाहेरून काय करणार, असं दाफिनाने धरलं. मी मात्र नेमका त्या भिंतीपाशी होतो, जिथून गारव्यासाठी लावलेल्या ओल्या जाळीतून आतले पंखे हवा ओढून घेत.

वारा कुठे जातो हे झाडाला कळतं. मला कळत होतं. तीन दिवस मी फुलं मिटून धरायचा प्रयत्न केला. तुम्ही शिंक धरून बघा, म्हणजे समजेल. सणाच्या सकाळी ऊन चढलं आणि मला राहवलं नाही. पिवळा धूर निघाला आणि सरळ जाळीत गेला.

"सोडला गं बाई," दाफिना हरखून म्हणाली.

तिने मला उपटलं, पाला ओरबाडला आणि घेवड्याच्या काठ्यांबरोबर सायकलला बांधलं. फाटकावरचा पहारेकरी त्रायको हसला. "मावशी, आता काठ्याही न्यायला लागलात होय?"

"तुझ्या पाठीसाठी नेते. लग्न कर, मग बायको घरचीच काठी आणेल."

घरी टबात मी दोन आठवडे कुजलो, दोन महिने वाळत पडलो. मग ओट्यावर ती मला बडवत बसली असताना तिच्याच तोंडून सगळं कळलं. फुलांत बी निघालं होतं. पूर्ण पीक खरेदीदाराने परत पाठवलं. मालकाने विचारलं, सही कुणाची? स्नेश्काला काढून टाकलं. बायकांना ठेवलं, कारण त्यांनी सांगितलेलं काम केलं होतं.

दाफिना मालकाजवळ बोलली नाही. या वयात दुसरीकडे कोण घेणार, ही भीती होती. घरी माझ्यापुढे मात्र रोज बोलायची आणि रोज ठरवायची, उद्या सांगते. माझं बारीक सूत कातायचं होतं. पण तिचं लक्ष लागत नव्हतं, सूत तुटत होतं. शेवटी तिने माझी दोरी वळली.

स्नेश्का स्लोव्हेनियाला निघाली, दुसऱ्याच्या शेतावर फळं तोडायला. आज सकाळी दाफिना भाजक्या मिरच्यांची बरणी घेऊन बस-स्थानकावर गेली. मी तिच्या खिशात होतो. या वेळी सांगायचंच, असं घोकत ती चालत होती.

स्नेश्काच्या पुस्तकांचं खोकं उकललं होतं. "मावशी, एखादी दोरी मिळेल का कुठे?"

दाफिनाने मला बाहेर काढलं. स्नेश्काने हातात घेतलं, बोटांनी चाचपलं, वास घेतला. तिचा चेहरा उतरला.

"भांगेची आहे. यंदाची."

"हो."

"इतकी मऊ म्हणजे नराची."

दाफिनाने मान डोलावली. पुढचे शब्द तोंडात होते, बाहेर येईनात. माझ्याही तोंडाशी होते; मला तोंडच नाही. स्नेश्काने मला परत तिच्या हातात दिलं. तिला सगळं कळलं होतं.

"गाठ घट्ट मारा, मावशी," ती एवढंच म्हणाली. "लांब जायचंय."

तर आता बस निघाली आहे. स्नेश्का वर बसली आहे, मी खाली तिची पुस्तकं सांभाळतोय. ज्या माझ्यामुळे तिचं सगळं गेलं, तोच मी तिच्या उपयोगी पडतोय, यात माझी काहीच मर्जी नाही. कधीच नव्हती. एकच मागणं आहे. खोकं उघडताना मला सुरीने कापू नका, सोडवा. वेळ लागेल, कारण गाठीवर गाठ आहे. प्रत्येक गाठ मारताना दाफिना "माफ कर पोरी" म्हणत होती, पण इतकं हळू, की ते फक्त मला ऐकू आलं.