वाटेकडे पाठ

मित्रांनो, मी एक जुनी ब्राँझची बाई आहे. वाचनालयाच्या दालनात असते, सध्या भिंतीकडे तोंड करून. शिक्षा केल्यासारखी, म्हणा ना!

माझा शिल्पकार जुन्या काव्यांत बुडालेला माणूस. अशाच एका काव्यात दूरदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत एक स्त्री दारात उभी असते. तिचा पुतळा घडवायचा म्हणून त्याने धाकट्या बहिणीला समोर उभे केले. तिचाही नवरा परमुलखात कामाला गेला होता आणि त्याचा ठावठिकाणा नव्हता. डावा हात मागे नेऊन वेणीचे टोक मुठीत धरायची तिला सवय होती.

"दादा, वेणी सोडू का?"

"नको, धर तशीच. तूच आहेस ती."

आधी मी मेणाची झाले. मग साच्यातले मेण वितळवून काढले आणि त्या जागी तापलेले ब्राँझ ओतले. आतून मी पोकळच राहिले.

मला वाचनालयाच्या दारासमोर ठेवले. शाळेतली मुले माझ्यापुढे काव्यातल्या ओळी म्हणायची, तेव्हा मी फुशारून जायचे. पुढे दादा वारला. बहीण मात्र दर आठवड्याला यायची, रुमालाने माझा चेहरा पुसायची आणि हळूच विचारायची, "आला का गं?" नवरा आला की आधी मला दिसेल, असे तिने मनाशी धरले होते.

मग रंगकाम निघाले. चेहऱ्यावर शिंतोडे नकोत म्हणून रंगाऱ्यांनी मला काळजीपूर्वक भिंतीकडे वळवले. काम संपले, पण मला परत फिरवायचे सगळ्यांच्या डोक्यातून गेले. बहिणीने ग्रंथपालांकडे किती खेटे घातले!

"मावशी, जड आहे हो ती. बघू पुढच्या महिन्यात."

तो महिना काही उजाडला नाही.

एका दुपारी काठीचा आवाज माझ्या पाठीशी येऊन थांबला.

"वेणीचं टोक अस्संच धरायची आमची ही," एक थकलेला पुरुष म्हणाला. "चेहरा बघता येईल का हो?"

"कसा बघणार, काका? बोटभर तर फट आहे," नवा शिपाई हसला. "आणि काव्यातली बाई आहे ती. खरी थोडीच?"

"तेही खरंच. जुन्या घरी दुसरेच लोक राहतात. तिचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही."

त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या पायाशी शिल्पकाराचे, त्याच्या मेहुण्याचे, नाव कोरले आहे. पण तेही भिंतीकडे. मला किंचाळावेसे वाटले. काठीचा आवाज दारापर्यंत गेला आणि रस्त्यावर विरला.

त्याचे शब्द मात्र माझ्या पोकळीत शिरले ते शिरलेच. दालन रिकामे झाले की ते आत फिरत राहतात. आमची ही, आमची ही. मला कान झाकता येत नाहीत.

नंतर बहीण आली. फटीत बोटे घालून तिने माझा गाल पुसला. "आला का गं?"

मित्रांनो, पुतळ्यांची निगा राखा, असे खरे तर मी सांगायला हवे. पण मला पुसले नाहीत तरी चालेल. पांढऱ्या केसांची एक बाई इथे येते. तिला एवढेच सांगा, तो आला होता. निघून गेला, हे तिचे तिला कळेल.