कपाळावर चढवलेला मुखवटा

मी एक जुना लोखंडी मुखवटा आहे. मित्रांनो, मुखवटा म्हटल्यावर तुम्हाला सोंगाड्या आठवेल. मी त्यातला नाही. मी सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याने, म्हणजे पिचरने, तोंडावर बांधायचा पिंजरा आहे आणि जन्मापासून भित्रा आहे.

कारखान्यात परीक्षा म्हणून आमच्या तोंडावर एकेक चेंडू हाणत. बाकीचे पास झाल्याच्या आनंदात होते. यापुढे हेच आपले काम, हे कळून मला मात्र घाम फुटला. लोखंडाच्या घामाला लोक गंज म्हणतात.

अमेरिकेत नेब्रास्कातल्या एका दुकानातून मला आर्डिसबाईंनी घेतले. त्यांचे यजमान लेरॉय कुचेरा धान्याच्या कोठारावर नोकरी करत आणि दर मंगळवारी पोटे सुटलेल्या गृहस्थांच्या संघात पिचिंग करत. नुकताच शेजारच्या संघातल्या व्हर्लिनचा जबडा चेंडूने मोडला होता. तो नळीने सूप पीत होता.

"हे तोंड मला अजून बरीच वर्षं बघायचंय," बाई म्हणाल्या. "मोडून घरी आणायचं नाही."

मैदानावर हशा पिकला. "लेरॉय, लेका, मधमाश्यांचं पोळं उतरवायला निघालास काय?"

"बायकोनं दिलाय," लेरॉय म्हणाला. मग कोणी हसले नाही. बायका सगळ्यांनाच होत्या.

खेळाचे नियम मी घाबरत घाबरतच शिकलो. पिचरने चेंडू खालून, हळू, उंच कमान करून टाकायचा. बॅटरने मात्र अंगात असेल तेवढा जोर लावायचा. हा न्याय कोणी ठरवला, ठाऊक नाही. त्यात कुंपणापलीकडे मक्याचे शेत, गेलेला चेंडू सापडत नसे. म्हणून आमच्याकडे एका संघाला तीनच होम रन, म्हणजे कुंपणापार फटके. चौथ्यांदा चेंडू कुंपणापार गेला की मारणारा बाद. नियम काटकसरीचा आहे. पण उंच मारायची सोय संपली की दांडगे बॅटर सरळ मारतात. आणि सरळ समोर कोण उभा असतो? लेरॉय. म्हणून समोरच्या संघाचा तिसरा होम रन झाला की त्यांचे लोक टाळ्या वाजवत आणि मी देवाचे नाव घेई.

एवढ्यावर भागले असते. पण लेरॉयला खेळताना सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया चघळायची सवय होती. टरफले माझ्या जाळीतून थुंकता येत नाहीत. त्याने एकदा प्रयत्न केला होता. ती आठवण नको. तेव्हापासून तो मला कपाळावर सरकवी, थुंके आणि पुन्हा खाली ओढी.

एका मंगळवारी समोरच्या संघाचा तिसरा होम रन मक्यात गेला आणि वेल्डिंगचे काम करणारा ट्रॅव्हिस बॅट घेऊन आला. लेरॉयने मला वर सरकवले, थुंकला आणि विसरला. मी कपाळावर, आभाळाकडे बघत. माझ्याखाली त्याचे उघडे तोंड. मला ओरडता येत नाही. त्याने चेंडू टाकायला हात मागे नेला.

ट्रॅव्हिसने बॅट खाली टेकवली. "काका, तोंड झाका."

"काय रे, घाबरलास?"

"हो, घाबरलो. व्हर्लिनला लागलेला तो चेंडू माझाच होता."

लेरॉयने मला खाली ओढले. चेंडू कमान करून गेला, बॅट फिरली आणि मला फक्त चेंडूचा पिवळा रंग दिसला.

माझी एक सळई आत वाकली. चेंडू माझ्यावरून वर उडाला आणि जमिनीला टेकायच्या आत मागच्या खेळाडूने तो झेलला. पंचाने ट्रॅव्हिसला बाद दिले. त्याचे लक्षच नव्हते. पहिल्या बेसकडे पळायचे सोडून तो लेरॉयकडे धावला होता.

"काका! काका, बोला की!"

"टरफल गिळलं रे," आतून आवाज आला.

घरी आर्डिसबाईंनी माझ्या वाकलेल्या सळईवरून बोट फिरवले. नंतर ते बोट लेरॉयच्या शाबूत नाकावरून फिरवले. माझ्या जागी नवा मुखवटा आला, मी गॅरेजातल्या खिळ्यावर. मंगळवारी बियांची पिशवी कुरकुरली की अजूनही माझ्या सळया थरथरतात.

मित्रांनो, घाबरण्याचे काम खुशाल आमच्यावर सोपवा, आम्हाला सवय आहे. पण त्यासाठी आम्ही तोंडावर असायला हवे. थुंकून झाले की तेवढे खाली ओढा.