सातवा अंक

रायखान लिहायची आणि कमशात चित्रं काढायची. बल्काश गावच्या शाळेत एका बाकावर बसणाऱ्या या दोघींनी वहीच्या मागच्या पानांवर सुरू केलेली चित्रकथा आता अल्माटी शहरात छापली जात होती. तांब्याच्या कारखान्यातल्या बंद लिफ्टमधून चार दोस्त जुन्या काळात उतरतात आणि बिघडलेलं काहीतरी नीट करून येतात, अशी ती मालिका. सहा अंक हातोहात खपले.

सातव्याच्या वेळी कमशातचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. रायखान फोनवर म्हणाली, "तू आराम कर गं. एवढा एक अंक दुसऱ्याकडून काढून घेते."

अंक आला तो कमशातने पोस्टातच उभ्या उभ्या उघडला. चौघं यावेळी गोठलेल्या तळ्याच्या काठी उतरले होते. मार्च महिना, पातळ झालेलं बर्फ, शाळेतून घरी निघालेले बहीण-भाऊ. बहीण भावाला म्हणत होती, "तू हलका आहेस, तू पुढे हो. मी येतेच."

कमशातने ते वाक्य पुन्हा वाचलं. चौदा वर्षांपूर्वी हेच शब्द ती आपल्या धाकट्या भावाला, एरसाईनला, बोलली होती. तो आठ वर्षांचा होता, तळ्यात बुडून गेला. घरी तिने सांगितलं होतं, की मी शाळेतच होते, तो एकटाच निघाला. खरं काय ते फक्त रायखानला ठाऊक होतं, तेही कमशातने एकदा रडत रडत सांगितलं म्हणून.

तिने तिथूनच फोन लावला.

"नावं बदललीत ना मी!" रायखान म्हणाली.

"शब्द नाही बदललेस."

"अगं, शेवट वाच आधी. चौघं त्याला वाचवतात. लोक रडतायत वाचून. मी तुझ्या भावाला जिवंत केलंय, कमशात."

"मला विचारलं असतंस तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

म्हणजे तिला माहीत होतं. सगळं माहीत असून, हाताला प्लास्टर लागायची वाट बघत बसल्यासारखं तिने हे केलं होतं. कमशातने फोन बंद केला.

घरी आई टेबलापाशी बसली होती. पुढ्यात दुधाचा चहा गार झालेला आणि शेजारच्या मुलीकडून आणलेला सातवा अंक. लेकीचा एकही अंक तिने कधी चुकवला नव्हता.

"ही मुलगी तू नाही काढलीस," आई म्हणाली.

"नाही."

"पण बोलते तुझ्यासारखी."

कमशातला खोटं बोलता आलं असतं. चौदा वर्षांची सवय होती. पण ती खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. आपण काठावरच थांबलो होतो, बर्फ मोडल्याचा आवाज ऐकला आणि घराकडे पळत सुटलो, हेसुद्धा.

आईने ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही.

"त्या दिवशी मी त्याला शाळेतून आणायला निघाले होते," ती म्हणाली. "वाटेत मासे विकणारी भेटली, बोलत राहिले. वाटलं, माझ्या उशिरामुळे गेला. तुझे वडील मरेपर्यंत मला हेच सुनावत राहिले. तू समोर बसून ऐकायचीस."

"आई..."

"रायखानने मैत्रिणीला दगा दिला. तू कुणाला दिलास?"

दुसऱ्या दिवशी आई बहिणीकडे कारागांदाला गेली. कमशात तिची पिशवी घेऊन स्टेशनवर सोडायला आली, ती पिशवी आईने तिच्या हातातून काढून घेतली.

रायखानचे पुष्कळ फोन आले. कमशातने एकच उचलला आणि सांगितलं, "आठव्यासाठी दुसरा चित्रकार बघ." मालिका पुढे चालू राहिली, सातव्या अंकाला बक्षीसही मिळालं.

आई नौरोझला, वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाला, परतली. नेहमीसारखी कामाला लागली, कमशातशी कामापुरतं बोलू लागली. फक्त एरसाईनचं नाव ती लेकीसमोर घेईनाशी झाली, ते कायमचंच.