दहा मीटरांचा दोर

"हात वर केला की काखेत ओढतंय. आणि म्हणे, हिचं माप कधी चुकत नाही!"

पडद्याआडून नणंदेची कुरकुर आली तशी टेलरबाईने ओठांत धरलेल्या टाचण्या आणखी घट्ट दाबल्या. पडद्यामागे एक आरसा, एक खुंटी आणि माणूस कसंबसं वळेल एवढी जागा. तिथे पुटपुटलेलं थेट शिलाई मशीनपर्यंत ऐकू यायचं. हे नणंदेला चांगलं ठाऊक होतं.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, गणित शिकवून निवृत्त झालेली. तीन आठवड्यांनी आज दुकानाची पायरी चढली होती. आत येताना दारावरची घंटा वाजली, तेव्हा दोघींनीही तिच्याकडे बघायचं टाळलं.

सगळं त्या घंटेपायीच तर झालं होतं. दर रविवारी सकाळी बागेत चकत्या फेकायला चौघं जमायची: या दोघी, पोस्टमन आणि दातांचे डॉक्टर. बागेत जागोजाग खांब, प्रत्येक खांबावर एक टोपली, तिच्यावर साखळ्यांचा झुबका. चकती साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली पाहिजे, आणि ज्याच्या फेका कमी तो जिंकला. वर्षातून एकदा मोठी फेरी. जिंकेल त्याच्या दाराला वर्षभर ही पितळी घंटा. गेली अकरा वर्षं ती नणंदेच्या दारावरून हलली नव्हती.

आता या खेळात एक मेख आहे. टोपलीपासून दहा मीटरांच्या आतून फेकलंत की तो पट्. मग हळूच सोडा नाहीतर जोर लावून भिरकावा, पट् तो पट्च. आणि पट् मारला की तोल सावरून जागच्या जागी उभं राहायचं. लगेच पाय पुढे पडला तर दंडाची एक फेक माथी. दहा मीटरांच्या बाहेरून मात्र फेकीच्या भरात चार पावलं धावलात तरी कोणी हटकत नाही. अंतर मोजायचं ते फेकण्याच्या जागी ठेवलेल्या खुणेच्या चकतीपासून, आणि तेही तिच्या मागच्या, म्हणजे टोपलीपासून लांबच्या कडेपासून. नव्या येणाऱ्याला हे सगळं समजावून सांगायचं काम टेलरबाईचंच. मापाचं खातं तिच्याकडे.

तीन आठवड्यांपूर्वी, यंदाच्या मोठ्या फेरीत, शेवटच्या टोपलीला दोघी बरोबरीत होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांनी नणंद खेळत होती. तिने चकती फेकली, साखळ्या खणखणल्या, आणि त्याच क्षणी गुडघा लचकून तिचा पाय पुढे पडला.

"पट् होता! पाय पुढे!" टेलरबाई ओरडली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला तेव्हाच कळलं.

"पाय पडला खरा," पोस्टमनने दुजोरा दिला. "पण दहाच्या आत आहे का, मोजून घ्या."

दोर टेलरबाईनेच बनवलेला, बरोबर दहा मीटरांवर गाठ मारलेला. एक टोक पोस्टमनने खांबाच्या बुडाशी धरलं. ती खुणेच्या चकतीशी उकिडवी बसली. डॉक्टर शेजारीच उभे होते. नणंद बाकावर गुडघा चोळत होती.

"पुरला का हो?" पोस्टमनने तिकडून विचारलं.

गाठ चकतीच्या मधोमध येऊन थांबली होती. मागची कडा अजून वीतभर नसली तरी चार बोटं लांब होती. टेलरबाईने गाठीवर अंगठा ठेवला.

"पुरला."

मग तिने आपली चकती टोपलीत टाकली आणि एका फेकीने जिंकली.

तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की घंटा वाजायची आणि ती वर न बघता मशीन जोरात चालवायची. डॉक्टरांची पँट दुमडून, इस्त्री करून तीन आठवडे खुंटीला लटकत होती. न्यायला फिरकायचं नाव नाही. पोस्टमन दार न उघडता टपाल फटीतून आत सरकवायचा. घरी नवरा जेवताना एवढंच विचारायचा, "ताईचा गुडघा कसा आहे गं?" आणि उत्तराची वाट न बघता ताटात बघायचा. एकूण काय, सगळ्यांनीच तोंडात टाचण्या धरल्या होत्या.

नणंद पडदा सारून बाहेर आली. खेळताना घालायचं तिचं जुनं निळं जाकीट टेबलावर ठेवत म्हणाली, "काख सैल कर. आणि हा खिसा काढून टाक."

चकत्या ठेवायचा मोठा खिसा. अकरा वर्षांपूर्वी टेलरबाईनेच दुहेरी टीप मारून लावलेला.

"का हो ताई?"

"बाजारात जायला घालीन. चकत्या कशाला वागवायच्या आता?"

"गुडघा दुखतो का?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय! ठणठणीत आहे. काढ म्हटलं ना."

टेलरबाईने ब्लेड घेतलं. पहिला टाका कापला, दुसरा कापला. तिसऱ्याशी हात अडला. "ताई, त्या दिवशी... माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक. माप थोडं इकडेतिकडे..."

"काळ्या कापडावर काळी टीप घालतेस तू, तीही सरळ. चष्म्याचं मला नको सांगूस." नणंद स्टुलावर टेकली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "जन्मभर मुलांना सांगत आले, उत्तर कोणाचंही असो, रीत तपासून बघा. त्या दिवशी मी बाकावरून उठलेसुद्धा नाही. म्हटलं, ही मोजतेय ना, मग झालं."

खिशाचा एक कोपरा सुटून लोंबत होता. टेलरबाईने ब्लेड खाली ठेवलं, ओठांतल्या टाचण्या काढल्या, आणि मोकळ्या तोंडाने ती म्हणाली,

"दोर पुरला नव्हता, ताई. तुमचा तो पट् नव्हताच. गाठ कुठे आली ते मी नीट पाहिलं आणि वर अंगठा ठेवला. मला एकदा तरी तुम्हाला हरवायचं होतं."