ह्यांची वीत

"पडद्याला जाड कापड घे हं. रात्रपाळी करून आलो की ऊन थेट डोळ्यांवर येतं," नवऱ्याने फोनवर सांगितलं होतं. "आणि दांडीपासून जमिनीपर्यंत बरोबर दहा विती."

टेप नावाची वस्तू जगात असते, हे या माणसाच्या गावीही नव्हतं! तिला तेव्हा हसूच आलं. आनंदच एवढा होता की तो दहा विती म्हणाला काय आणि दहा कोस म्हणाला काय. लग्नाला चार वर्षं झाली होती. त्यातली तीन तो तिकडे कारखान्यात, एका खोलीत आठ जण. वर्षाकाठी दहा दिवसांची सुट्टी, तीही नातेवाइकांच्या गराड्यात. आता कुठे त्याला स्वतंत्र खोली मिळाली होती आणि शनिवारी ती तिथे निघाली होती. कायमची.

दुकानात तिने अर्धा तास नुसता घोळ घातला. मन बसलं होतं पातळ, सायीच्या रंगाच्या कापडावर. पण रात्रभर राबून आलेल्या माणसाला झोप नको का? तिने जाड विटकरी कापड दाराशी उजेडात नेऊन धरलं. पलीकडचं काही दिसेना. "हेच द्या," ती म्हणाली आणि पातळ कापडावरून एकदा उगाच हात फिरवून घेतला.

कोपऱ्यात मशीनवर बसलेल्या मास्तरांनी माप विचारलं.

"दहा विती."

"कुणाच्या?"

"ह्यांच्या."

"मग ह्यांनाच पाठवा की, ताई!" मास्तर खो खो हसले. मग त्यांनी आपला पंजा कापडावर पसरला. "ही माझी वीत. नऊ इंच. त्यांची केवढी?"

ती त्या पंजाकडे बघतच राहिली. नवऱ्याचा हात... त्या हातात आपला हात बांगड्यांसकट मावायचा, एवढं आठवत होतं. पण बोटं लांब की आखूड? अंगठा कसा? छे, काहीच आठवेना. फोन करून विचारावं तर काय म्हणेल, बायकोला नवऱ्याचा हातसुद्धा ठाऊक नाही?

"ह्याहून मोठी," ती ठासून म्हणाली. "चांगली इंचभर मोठी."

"विचार करा हं. वितीमागे इंच म्हणजे पडद्याला दहा इंच."

"मला माहीत नाही होय माझा नवरा?"

मास्तरांनी शंभर इंच लिहिले.

शनिवारी ती खोलीवर पोचते न पोचते तोच त्याने स्टुलावर चढून पडदा लावला. पडदा सुरेख होता. फक्त दहा इंच जमिनीवर लोळत होता.

"अगं, मी काय राक्षस वाटलो की काय तुला?" तो पोट धरून हसला.

तिला हसता येईना. तीन वर्षं ती ज्याची वाट बघत होती, तो थोराड हातांचा कुणी होता. हा तर मास्तरांएवढाच! डोळे भरून आले. ते त्याला दिसू नयेत म्हणून ती खाली बसून पडद्याची किनार दुमडत राहिली.

"दमलीस प्रवासाने. थांब, तुझ्या आवडीचा चहा करतो." भांडी वाजली, चहा उकळला. तिच्या हातात कप देऊन तो समोर मांडी घालून बसला, परीक्षेच्या निकालाची वाट बघत असल्यासारखा. "दोन चमचे साखर. लक्षात आहे माझ्या! इथे रोज चहा पिताना तुझी आठवण यायची."

तिने घोट घेतला. गोडमिट्ट. जन्मात तिने चहात साखर घेतली नव्हती.

"कसा झालाय?"

"अहो, मी बिनसाखरेचा घेते," ती हळूच म्हणाली. "पहिल्यापासून."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. कप परत घ्यायला त्याने हात पुढे केला, पण तिने दिला नाही. दोन चमचे साखर घेणारी ती बाई कोण, देव जाणे. पण तीन वर्षं तो रोज तिच्यासाठीच झुरला होता. तिच्या वाटचा चहा हिने शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला.