पाठीवरचा भोपळा

मित्रांनो, परीक्षेत ज्याच्या पदरी काहीच पडत नाही, त्याला भोपळा मिळाला असे म्हणतात. म्हणजे माझे नाव तुम्ही ऐकलेले आहे, फक्त चांगल्या कारणाने नाही. मी एक जुना, वाळलेला, गोल दुध्या भोपळा आहे. माझी भाजी होत नाही. माझ्या पोटात मूठभर सुकलेल्या बिया आहेत आणि बाकी सगळी हवा. पण याच हवेच्या जोरावर मी मखमलाबादच्या कितीतरी पोरांना पोहायला शिकवले आहे. तेव्हा मला थोडी ऐट करू द्या.

माझा जन्म नवसाबाईच्या मळ्यातला. नाशिकच्या उंच इमारती आता त्या मळ्याच्या बांधाला येऊन टेकल्या आहेत, पण आत अजून कोथिंबीर आहे, मेथी आहे, दसऱ्याच्या सुमाराला पिवळाधमक झेंडू आहे. मधोमध दगडात बांधलेली मोठी विहीर. तिच्या काठावरच्या मांडवाला माझा वेल चढला होता. मी खाली लोंबकळत असे आणि विहिरीत पडलेले गोल आभाळ बघत असे. त्या आभाळातून पारवे उडत, ढग जात, आणि मधूनच माझे स्वतःचे हिरवे तोंड हलत असे. मला वाटे, खाली आणखी एक मळा आहे आणि तिथला भोपळा माझ्याकडे बघतो आहे.

बाकीचे भोपळे पंचवटीच्या बाजारात गेले. मला आणि माझ्या शेजारच्या भावाला नवसाबाईने हात लावू दिला नाही.

"हे दोन राहू द्या," ती म्हणाली. "पोरांना पव्हायला होतील."

मग आम्ही वेलावरच वाळलो. नंतर पडवीत टांगले गेलो. आतला गर हळूहळू आटत गेला तेव्हा मला फार वाईट वाटले. आपल्यातले सगळे सत्त्व निघून चालले, आता आपण कुणाच्या काय कामाचे, असे वाटे. नवसाबाईने आम्हाला तेल चोळले, सुतळीच्या जाळीत बसवले आणि दोघांना दोरीने जोडून आमची सांगड केली. पाण्यात पहिल्यांदा टाकले तेव्हा कळले, की जो रिकामा झाला तोच तरंगतो. भरलेला असतो तर दगडासारखा तळ गाठला असता.

मला पाण्यात टाकणारा माणूस होता गोटीराम, नवसाबाईचा नवरा. रुंद पाठीचा, हसऱ्या डोळ्यांचा. विहिरीच्या काठावरून त्याने मुटका मारला की पाणी वरच्या पायरीपर्यंत उडे आणि पारवे फडफडत बाहेर पडत. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातली पोरे त्याच्याकडे पोहायला शिकायला येत. तो आम्हाला पोराच्या पाठीवर बांधी, दोन वेढे, वर गाठ, आणि मग नेहमी एकच गोष्ट म्हणे.

"ओढून बघ."

पोराने स्वतःच्या हाताने गाठ ओढून बघितल्याशिवाय तो त्याला पाण्यात उतरू देत नसे. कुणी म्हणाले, "काका, तुम्हीच बांधली ना, मग?" तर तो हसे. "माझ्यावर नको इस्वास ठेवू. गाठीवर ठेव. मानसाचं काय खरं हाय?"

पाण्यात गेले की पोरे हातपाय झाडत, पाणी पीत, ओरडत. गोटीराम कमरेएवढ्या पाण्यात पायरीवर उभा राहून शांतपणे सांगे, "पान्याशी भांडू नको. भांडशील तितकं खाली जाशील. अंग सोड. पाणी उचलून घेतं बघ." मग एखादा दिवस असा येई, की पाठीवरचे ते घट्ट शरीर अचानक सैल पडे. मान मागे, कान पाण्यात, डोळे आभाळात. तो क्षण मला माझ्या सालीला कळे. सगळे आवाज दूर जात. विहिरीच्या दगडांवर उन्हाच्या जाळ्या हलत राहत आणि ते पोर, मी, माझा भाऊ, असे तिघे कुठल्यातरी हळू स्वप्नात तरंगत असू. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे क्षण तेच.

आता दुःखाचे सांगतो.

गोटीराम दारू प्यायला लागला. सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली. लग्नात थोडी, हळदीत थोडी, बाजारात फुलांना भाव मिळाला म्हणून, मग नाही मिळाला म्हणून. पुढे कारण लागेनासे झाले. विहिरीवरच्या पंपाच्या मोटारीच्या खोलीत, जिथे सुट्टी संपली की आम्हाला टांगून ठेवत, तिथेच तो बाटली लपवू लागला. त्यामुळे मी सगळे पाहिले आहे. पिऊन तो पडून राही आणि सकाळी डोके धरून बसे.

"मी मनावर घेतलं तर उद्या सोडीन," तो नवसाबाईला सांगे. "गोटीराम हाय मी."

आणि मित्रांनो, त्याने मनावर घेतले नाही असे नाही. त्याने वणीला जाऊन गडावरच्या आईसमोर शपथ घेतली. बाटल्या विहिरीच्या कठड्यावर फोडल्या. एकदा तर त्याने नवसाबाईच्या हातात कुलूप दिले आणि स्वतःला मोटारीच्या खोलीत कोंडून घेतले. माझ्यासमोरच तो दात आवळून बसला होता, घामाने थबथबलेला, स्वतःशी झुंजत. मला वाटले, बाप रे, काय ताकदीचा माणूस आहे! पण मग त्याच ताकदीने त्याने खांदा देऊन दार उखडले आणि गुत्त्याची वाट धरली. नवसाबाई तुटलेली कडी हातात घेऊन उंबऱ्यात बसून राहिली.

त्यांची मुलगी तेजल तेव्हा चौथीत होती. तिला पोहायला शिकायचे होते आणि तेही बापाकडूनच. एका उन्हाळ्यात, भर दुपारी, गोटीराम शेजारची हळद आटोपून आला. डोळे लाल. तेजलने हट्ट धरला. त्याने आम्हाला तिच्या पाठीवर बांधले. त्याची बोटे थरथरत होती, हे तिला दिसले नाही. मला दिसले, पण भोपळ्याला तोंड कुठे असते?

"पप्पा, ओढून बघू?" तिने विचारले.

"तुझ्या बापाची गाठ हाय ती!" तो म्हणाला. "तिला काय बघायचं?"

ती पाण्यात उतरली आणि गाठ सुटली. आम्ही तिच्या पाठीवरून निसटून बाजूला तरंगत गेलो आणि ती हातपाय झाडत खाली जाऊ लागली. गोटीरामने उडी घेतली. ज्याच्या मुटक्याने सारी विहीर हले, तो पाण्यात पडताच वेडावाकडा गटांगळ्या खाऊ लागला. त्याच्या अंगाखाली माझा भाऊ आला, दगडी पायरीवर आपटला आणि फुटला. लोक म्हणतात ना, भ्रमाचा भोपळा फुटला? त्या दिवशी खराखुरा भोपळा फुटला आणि भ्रम तेवढा शाबूत राहिला.

दैव बलवत्तर म्हणून हारुनभाई तिथे होता. हारुनभाई म्हणजे जुन्या नाशकातला मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री. मळ्याची जळलेली मोटार वर काढायला आला होता. त्याने मोटारीला बांधलेला दोर घेऊन उडी टाकली, आधी पोरीला काढले, मग दोर गोटीरामच्या काखेतून घालून त्याला वर ओढले. नवसाबाईने तेजलला छातीशी धरले. गोटीराम पायरीवर ओकत होता. सगळ्यांना वाटले, हारुनभाई आता याला फैलावर घेणार.

पण तो त्याच्या शेजारी बसला, ओल्या कपड्यांनिशी.

"गोटीराम, मी पण असाच होतो," तो म्हणाला. "माझी आबिदा माहेरी निघून गेली होती. दारू सोडलेली आमची माणसं बसतात दर बुधवारी, शाळेच्या खोलीत. चल तू."

"मला काय झालंय?" गोटीराम म्हणाला. "आता सोडलीच समज. मनावर घेतलं मी."

हारुनभाई नुसता हसला. त्यात चेष्टा नव्हती.

तेही टिकले नाही, तेव्हा गोटीराम एकदाचा दवाखान्यात राहून आला. अंगातली थरथर थोडी कमी झाली. बुधवारच्या बैठकीलाही जाऊ लागला, पण तिथे हाताची घडी घालून बसे. एकेक जण उठून सांगे, की दारूपुढे माझे काही चालत नाही. गोटीरामची पाळी आली की तो म्हणे, "माझं बरं चाललंय." हे मला कसे कळले? हारुनभाई मोटारीच्या खोलीत बसून त्याला त्यावरून चिडवत असे.

"अरे बाबा, हात जोड आता. मी अल्लावर सोडलं. तू गडावरच्या आईवर सोड, नाहीतर या विहिरीच्या पाण्यावर सोड. पण सोड!"

"सोडायचं म्हंजे हरायचंच ना?" गोटीराम म्हणे.

घरात मात्र तेजल बापाशी बोलत नसे. विहिरीजवळून जाताना ती लांबून वळसा घेई. गोटीराम ते बघे आणि त्याचा चेहरा पडे. तिचा विश्वास गेला होता, आणि तो कुठल्याच बाजारात विकत मिळत नाही.

एका दुपारी गोटीराम एकटाच मोटारीच्या खोलीत आला. मी खिळ्याला टांगलेला. भावावाचून एकटा. त्याला तलफ आली होती. माझ्यामागे कोनाड्यात एक जुनी बाटली राहून गेली होती. त्याचा हात तिच्याकडे गेला. वाटेत मी होतो. त्याची बोटे माझ्या सालीला लागली आणि तिथेच थांबली. किती वेळ, मला सांगता येत नाही. मग त्याने बाटलीऐवजी मला खाली काढले.

तो विहिरीच्या पायऱ्या उतरला आणि, मित्रांनो, त्याने मला स्वतःच्या पाठीवर बांधून घेतले. अख्ख्या गावाला पोहायला शिकवलेला माणूस, नवशिक्या पोरासारखा! पाण्यात उतरताच तो झुंजायला लागला. पाणी नव्हे, आतले काहीतरी त्याला खाली ओढत होते आणि तो त्याला लाथा मारत होता. माझा एकट्याचा जीव तो केवढा! त्याच्या वजनाने मी अर्धा बुडालो.

तेव्हा वरच्या पायरीवरून आवाज आला.

"पप्पा, पान्याशी भांडू नका."

तेजल होती. कठड्याला घट्ट धरून, भेदरलेली, पण उभी. कितीतरी महिन्यांनी ती विहिरीशी आली होती.

"अंग सोडा, पप्पा. ते उचलून घेतं. तुम्हीच सांगता ना?"

आणि मग ते झाले. त्याच्या रुंद पाठीतली एकेक गाठ सैल पडत गेलेली मला कळली. मान मागे गेली. कान पाण्यात. हात दोन्ही बाजूंना पसरले. मी एवढासा भोपळा, पण त्याला पेलू शकलो, कारण तो आता मला मदत करत होता. नाही, चुकलो. तो काहीच करत नव्हता. म्हणूनच पेलता आले. पारवे परत येऊन कपारीत बसले. वर गोल आभाळ, खाली गोल आभाळ, मधे आम्ही. गोटीराम रडत होता. रडताना तो बुडाला नाही.

"मला नाय जमत," तो आभाळाकडे बघत म्हणाला. "आई, मला एकट्याला नाय जमत."

तीच वाक्ये त्याने पुढच्या बुधवारी सगळ्यांसमोर उठून म्हटली. हारुनभाईने ते नवसाबाईला सांगितले तेव्हा ती मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा जुडी हातात घेतली.

त्यानंतर सगळे सोपे झाले असे मुळीच नाही. तलफ येते, अजून येते. पण गोटीराम आता दात आवळून एकटा बसत नाही. रोज रात्री तो विहिरीच्या काठावर बसून हारुनभाईला फोन लावतो.

"हारुनभाई, ओढून बघतोय," एवढेच म्हणतो.

फोनमधून हारुनभाईचा आवाज येतो, "पक्की आहे, गोटीराम. झोप जा."

गेल्या उन्हाळ्यात तेजल स्वतःहून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. गोटीरामने मला खाली घेतले आणि तिच्या पाठीवर बांधले. दोन वेढे, वर गाठ. त्याची बोटे स्थिर होती. तरी तो म्हणाला, "ओढून बघ."

तिने ओढून बघितले. मग पुन्हा ओढले. मग वळून बापाच्या तोंडाकडे बघितले आणि तिसऱ्यांदा, अगदी जोर लावून ओढले. गोटीराम रागावला नाही. मान खाली घालून उभा राहिला, तिचे होईपर्यंत. मग ती पायऱ्या उतरली, पाण्यात शिरली आणि पाठीवर आडवी झाली. तिने अंग सोडल्याचे मला कळले, आणि माझ्या पोटातल्या बिया आनंदाने खुळखुळल्या.

आता माझ्या सालीला एक बारीक भेग गेली आहे. नवसाबाईने तिच्यात मेण भरले आहे. मला उन्हात टाकू नका, सावलीत टांगा, म्हणजे आणखी दोन-चार उन्हाळे निघतील. एवढे माझ्यासाठी. आणि तुमच्यासाठी एकच मागणे आहे, मित्रांनो. कधी बुडू लागलात, तर पाठीवर भोपळा बांधून घ्यायला लाजू नका. आणि गाठ कितीही ओळखीच्या हाताची असो, रोज ओढून बघा.