चालेल

दुपार कलली की मावशीच्या शिवणाच्या खोलीत सगळंच पेंगायला लागायचं. पडदा, पंखा, कोपऱ्यातलं मांजर आणि खरं सांगायचं तर मावशीसुद्धा. शिलाई मशीनची घरघर तेवढी चालू. त्या घरघरीत भाची शाळेतली जुनी कादंबरी मोठ्यानं वाचायची आणि मावशी अर्धी जागी, अर्धी स्वप्नात ऐकायची. कादंबरीतली अनाथ पोर हल्ली तिला कापडाच्या गठ्ठ्यांमागे वावरतानाही दिसे.

बहीण गेल्यावर भाची आधी काकांकडे राहिली, मग या हिवाळ्यात इथे आली. "पोर म्हणजे सोनं! कशालाच नाही म्हणत नाही," मावशी गिऱ्हाइकांना ऐकवी. आज तिच्याच फ्रॉकचं शिवण चाललं होतं.

"गृहपाठ आहे," भाची म्हणाली. "या मुलीचे हाल लेखकानं कोणत्या शब्दांतून दाखवलेत?"

"सोप्पंय. ती रडते कुठे ते शोध."

"रडतच नाही ती. शिळं दिलं, चालेल. जिन्याखाली झोप, चालेल. पुस्तकभर नुसतं चालेल."

"गुणी आहे गं बिचारी."

"गुणी कसली! 'हवं' म्हणायला आधी कुणीतरी विचारावं लागतं, मावशी."

मशीन थांबलं. मावशीची झोप खाडकन उडाली. पातळ उशी? चालेल. सैल बूट? चालेल. आपण सोनं सोनं म्हणून मिरवलं, आणि पोर इथे जीव मुठीत धरून राहतेय! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिनं बटणांचा डबा जमिनीवर पालथा केला. "कुठली लावू?"

"कुठलीही चाल..."

भाची मध्येच थांबली. उन्हाच्या पट्ट्यात बटणं चमकत होती. मांजरानं कूस बदलली. मावशीनं घाई केली नाही.

"लाल," भाची पुटपुटली. मग धीर करून म्हणाली, "आणि हा गळा मला नाही आवडला. चौकोनी हवाय."

सकाळपासून खपून बसवलेला गळा! दुसरं कुणी असतं तर मावशीनं कात्रीच उगारली असती. आत्ता मात्र तिनं हसत फ्रॉक मांडीवर ओढला.

"परत उसवावं लागेल," भाची घाबरत म्हणाली. "चालेल तुला?"

"चालेल काय, धावेल!" मावशी म्हणाली आणि टाके उसवायला बसली.